अलास्काला जाताना रेनकोट

आमच्या मलकापुरात (म्हणजे शाहूवाडीच्या, बुलढाण्याच्या नव्हे आणि कराडजवळच्याही नव्हे) कुणाचं परदेशी जायचं ठरलं की बातमी एसटी स्टँडपासून पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचायला एक सकाळ पुरते. आमचं अलास्काचं कळल्यापासून जो तो थंडीचंच बोलतोय. "काका, तिथं उणे चाळीस असतंय म्हणं," हे दूध घालणाऱ्या पोरानं सांगितलं. शेजारच्या आक्कांना वेगळीच काळजी. त्यांनी सौ.ला विचारलं, "एवढ्या गारठ्यात आंघोळीचं कसं गं करायचं?" एका स्नेह्यानं तर स्वतःची माकडटोपी आणून दिली आणि परत करायची घाई नाही, असंही सांगून गेला.

लेक सिॲटलजवळ असते. तिच्याकडं जायचंच आहे, तर तिथून बोटीनं हिमनद्या बघून येऊ, ही कल्पना जावयांची. मला हिमालयाचीही हौस होती, पण गोमुखाच्या हिमनदीपर्यंतची चढण आता आमच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. बोटीत बसून हिमनदीच्या तोंडाशी जाता येतं हे ऐकल्यावर सौ. म्हणाली, "मग ठरवा की." ठरवलं. तेव्हापासून नकाशे, वेळापत्रकं आणि हवामानाचे तक्ते घेऊन बसलोय, आणि या अभ्यासातून निघालेली पहिली गोष्ट अशी, की गावानं घातलेली थंडीची भीती बऱ्याच अंशी खोटी आहे.

या सहली मुख्यतः मे ते सप्टेंबरमध्ये निघतात. अलास्काची राजधानी जुनो इथं मेअखेर दुपारचं तापमान चौदा-पंधरा अंश असतं. आमच्याकडं आंबा घाटाजवळ डिसेंबरात पहाटे जेवढं गार असतं, त्याहून फार वेगळं नाही. हिमनदीसमोर बोट उभी राहिली की बर्फावरून येणारा वारा चांगला झोंबतो, तेवढे तास सोडले तर उणे चाळीसचा संबंध नाही. खरा संबंध आहे पावसाशी. वाटेत केचिकान नावाचं बंदर लागतं. तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गावाला त्याचा एवढा अभिमान की बंदरावर पाऊस मोजायची भली मोठी पट्टीच उभी केली आहे. गगनबावड्याच्या माणसाला तिथं परकं वाटायचं कारण नाही.

कारणही आपल्या ओळखीचं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि आंबा घाटात रिते होतात. तिकडं पॅसिफिकवरचे ढग किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडतात. खाली पाऊस पडतो, वर हिम. ते हिम उन्हाळ्यात जेवढं वितळतं त्याहून जास्त पडत राहिलं, की थरावर थर साचतात, खालच्या थरातली हवा दाबानं निघून जाते, त्याचा घट्ट बर्फ होतो आणि स्वतःच्याच वजनानं तो उताराकडं सरकू लागतो. या दाबलेल्या बर्फात प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो, म्हणून तो निळा दिसतो. म्हणजे तिथल्या हिमनद्या नुसत्या थंडीनं झालेल्या नाहीत, अफाट पावसानं झाल्या आहेत. सैबेरियाच्या कितीतरी भागात याहून कडक थंडी असते, पण हिम बेताचंच पडतं म्हणून तिथल्या सपाटीवर हिमनदी नाही. हे कळल्यापासून मी कुणाच्या थंडीच्या गोष्टीला भाव देत नाही.

म्हणून तयारी पावसाची करायची. इथं आपल्याकडचं एक शहाणपण आठवतं. मेंढरं घेऊन फिरणारा धनगर भर पावसात उभा असतो, डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतलेली. घोंगडं भिजतं, जड होतं, त्याला मेंढराचा वासही येतो; पण आतला माणूस गारठत नाही. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो. अलास्काला जाणाऱ्यांना तिथले जाणकार सांगतात तेही हेच: जीन पँट घालू नका, सुती बनियन आत नको, अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर ऊबदार थर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. घोंगडं काही मी विमानातून नेणार नाही. पण आमच्या यादीतून जाड ओव्हरकोट कटाप झाला आणि चांगला टोपीवाला रेनकोट, पाणी न शिरणारे बूट, लोकरीचे मोजे आले. छत्रीही नको. डेकवरच्या वाऱ्यात ती उलटी होणार, हे आंबा घाटात छत्री उघडून पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. माकडटोपी मात्र नेणार. त्या वाऱ्यात कान झाकायला तिच्यासारखी वस्तू नाही, मग जावई हसले तरी चालेल.

आता बोट. इथं माझं मत जरा ठाम आहे. माणसं आधी खोली बघतात: बाल्कनी आहे का, खिडकी आहे का, पोहण्याचा तलाव केवढा. जावयांनी पाठवलेल्या दोन वेळापत्रकांमध्ये बाल्कनीवाली बोट स्वस्त होती. एका कागदावर पाचव्या दिवशी ग्लेशियर बे असं लिहिलेलं, दुसऱ्यावर त्या दिवशी नुसतंच एक फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमधली अरुंद खाडी. दोन्हीकडं हिमनदी दिसते, पण ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथं दिवसाला दोनच मोठ्या बोटींना परवानगी असते. उद्यानाचे रेंजर बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. बोट कुठंही धक्क्याला लागत नाही, कुणी खाली उतरत नाही. सकाळी आत शिरायचं, मार्जरी हिमनदीसमोर थांबायचं, जागच्या जागी वळायचं, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसतं, आणि संध्याकाळी बाहेर. त्यामुळं कुठल्या बाजूची खोली घ्यावी या वादात रात्र घालवू नये. बर्फाचा कडा तुटतो तो आधी दिसतो, आवाज मागाहून येतो, असं वाचलंय. ते ज्यांना खोलीच्या बाल्कनीतून बघायचंय त्यांनी बघावं. आम्ही आतली, बिनखिडकीची खोली घेऊन वाचलेल्या पैशात ग्लेशियर बे घेतलं. झोपायला खिडकी कशाला लागते?

फियॉर्डविषयी आणखी एक. ट्रेसी आर्म नावाचं फियॉर्ड बोटवाल्यांचं आवडतं होतं. १० ऑगस्ट २०२५ रोजी तिथं साऊथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा कडा पाण्यात कोसळला आणि प्रचंड लाट उठली. हिमनदी मागं सरकली की तिनं धरून ठेवलेल्या डोंगरकुशीचा आधार जातो. जुलै २०२१ मध्ये आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा आमच्या भागानं जे पाहिलं, त्याच जातीची गोष्ट, फक्त पाण्याच्या काठावर. त्यामुळं वेळापत्रक कुठलंही घ्या, आयत्या वेळी मार्ग बदलू शकतो आणि त्याची भरपाई मागता येत नाही, हे छापील अटींत असतं. अटी वाचाव्यात.

ग्लेशियर बेची गंमत त्याच्या इतिहासात आहे. १७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशी थोडं पाणी, त्यामागं बर्फाची भिंत. त्याआधी काही दशकं पुढं सरकणाऱ्या बर्फानं तिथल्या हुना ट्लिंगिट लोकांना गाव सोडायला लावलं होतं. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून गेला तेव्हा बर्फ पन्नासेक किलोमीटर मागं हटलेला, आणि १९१६ पर्यंत तो खाडीच्या मुखापासून शंभरेक किलोमीटर आत गेला होता. आज बोट ज्या पाण्यावरून जाते तिथं सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फच होता. यातला बराचसा बर्फ गेला तो मोटारी आणि विमानं यायच्या आधी, हे खरं. पण म्हणून आताच्या वितळण्याचं खापर निसर्गावर फोडता येत नाही. जुनोजवळच्या मेंडेनहॉल हिमनदीच्या कुशीत साठलेलं पाणी २०११ पासून दर उन्हाळ्यात एकदम फुटून येतं. २०२३ आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यानं गावातली घरं बुडवली. उलट हबर्ड नावाची हिमनदी शंभर वर्षांहून अधिक काळ पुढंच सरकत आलीय. ती १२२ किलोमीटर लांब आहे. कोल्हापूरहून निघून, आमचं मलकापूर ओलांडून, घाट उतरून रत्नागिरीजवळच्या हातखंब्याला पोचावं, जवळपास तेवढा बर्फ.

आपण ज्या बोटीनं जाणार ती टनावारी इंधन जाळते, हेही मला माहीत आहे. जुनोच्या लोकांनाही माहीत आहे. त्यांचं गाव बत्तीस हजारांच्या आसपास, तिथं रस्त्यानं पोचता येत नाही, बोट नाही तर विमान. २०२४ पासून त्यांनी दिवसाला पाचच मोठ्या बोटी, अशी मर्यादा घातली. शनिवारी बोटी नकोतच, असा ठराव त्याच वर्षी मतदानाला आला आणि पडला. पोट त्यावरच चालतं ना. विशाळगडाच्या पायथ्याशी यात्रेच्या दिवशी दुकान मांडणाऱ्याला विचारा, गर्दी हवी का नको. तो दोन्ही सांगेल.

आता सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात महत्त्वाचं: व्हिसा. सिॲटलहून निघून सिॲटललाच परत यायचं, सगळं अमेरिकेत, तर अमेरिकेचा व्हिसा पुरे, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नाही. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरांमधून अशी प्रवासी सहल करायची तर मध्ये एखादं परदेशी बंदर करावं लागतं. आणि या बड्या बोटी बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेल्या. म्हणून सिॲटलच्या बोटी परतताना कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात संध्याकाळी काही तास थांबतात. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो, मग तुम्ही बोटीतून पाय खाली ठेवा नाहीतर ठेवू नका. तो नसेल तर सिॲटलच्या धक्क्यावरच अडवतात. आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण व्हिक्टोरियाहून तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरणार असता. व्हँकुव्हरहून निघालात तर कॅनडाचा व्हिसा लागतोच. पण तो मार्ग बराचसा बेटांच्या आडोशानं जातो, पाणी शांत असतं. सिॲटलच्या बोटी व्हँकुव्हर बेटाबाहेरच्या उघड्या समुद्रातून जातात. घाटातल्या वळणांनी ज्यांना मळमळतं, त्यांनी हा फरक ध्यानात धरावा. आमच्या घरात तशी एक व्यक्ती आहे. नाव छापू नका असं तिनं बजावलंय.

तिच्यासाठीच मी आधी मुंबई-गोवा बोटीनं जाऊन बघू म्हणतोय. समुद्र सोसतो का नाही, हे दोन रात्रींत कळतं, आणि नाही सोसला तर गोव्याहून एसटीनं परत येता येतं. आमच्या आधीच्या पिढीला हे नवं नव्हतं. घाट उतरून रत्नागिरीला जायचं आणि बोटीनं मुंबई गाठायची, ही तेव्हा सर्रास चालणारी वाट होती. त्याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडं होतं, असं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहून सांगितलं. तिकडं न जाता. त्यांचा सिद्धांत आता विद्वान मानत नाहीत, पण तिकडच्या लांबलचक पहाटेवर त्यांनी लिहिलेलं मी पुन्हा काढलंय, कारण जूनमध्ये जुनोला दिवस अठरा तासांचा असतो आणि रात्र नावालाच. ध्रुवीय प्रकाशाची आशा मात्र तेव्हा ठेवू नये, आकाश पुरतं काळं होतच नाही.

महिना कुठला? जुलै-ऑगस्ट उबदार पण गर्दीचे आणि महाग. सप्टेंबरला पाऊस चढत जातो. मे आणि जूनचा पूर्वार्ध तुलनेनं कोरडा, डोंगरांवर हिम जास्त, भाडं कमी, आणि नातवंडांना सोबत न्यायचं तर आपल्याकडच्या शाळाही तेव्हा बंद. आम्ही मेअखेर धरलाय. खर्चाचं एवढंच सांगतो, जाहिरातीतला आकडा अर्धा समजा. त्यावर बंदराचे कर, माणशी रोजची पंधरा-वीस डॉलर बक्षिसी, किनाऱ्यावरच्या सहली आणि विमानाचं भाडं. विमा घ्यावा तो आजारी माणसाला बोटीवरून हेलिकॉप्टरनं न्यायचा खर्च देणारा. साठीपुढच्यांनी इथं काटकसर करू नये. आणि चकल्या-लाडू न्यायचे असतील तर ते विमानतळावरच्या कस्टमच्या माणसाला आपणहून सांगावं. तो बहुधा नेऊ देतो, लपवलं तर दंड करतो.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही असेल तर तिकीट काढू नका. आधी कपाटातला पासपोर्ट काढून मुदत बघा. परतीच्या तारखेपुढं सहा महिने उरत नसतील तर नूतनीकरणाला आधी अर्ज करा, मग दोन्ही व्हिसे, आणि बोटीचं नाव त्यानंतर.