तळणाचा तोतया

माणसाने कुणाशीही वैर धरावं, पण स्वयंपाकघरातल्या यंत्राशी धरू नये, असं माझं आजवरचं मत होतं. मिक्सर ओरडतो, पण तो काही आपल्याला उद्देशून ओरडत नाही. कुकर शिट्टी मारतो, तीही आपल्याला पाहून नव्हे. हे सगळं मी समजून घेतलं होतं. परंतु चिरंजीवांनी एअर फ्रायर नावाची वस्तू घरी पाठवली आणि माझं हे शांततेचं धोरण पहिल्याच आठवड्यात कोसळलं.

निमित्त माझ्या छातीचं. तिच्यात एक स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "तळकट जरा कमी करा." दवाखान्यातून रिक्षा घरी येईपर्यंत 'जरा कमी' या शब्दांचं सौ.ने 'कायमचं बंद' असं भाषांतर केलं. कढई माळ्यावर गेली. झारा कुठे गेला ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी आजारी होतो तेव्हा आला नव्हता इतका अशक्तपणा मला त्या माळ्याकडे बघून आला. ही बातमी फोनवरून मुलाच्या कानी गेली आणि चार दिवसांत दारात खोकं हजर. खोक्यावर सोनेरी, टपोरी, कुरकुरीत चित्रं आणि वर मजकूर काय, तर तेलाशिवाय तळा!

आता पाण्याशिवाय पोहा, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण भज्यांच्या बाबतीत माणूस भोळा होतो.

पहिल्या दिवशी आम्ही कांदाभजी घातली. पीठ नेहमीसारखं सैलसर. जाळीवर घातलं आणि डोळ्यांदेखत ते जाळीतून खाली पाझरलं. वीस मिनिटांनी तळाशी जे सापडलं ते खरवडायला उलथनं लागलं. दुसऱ्या दिवशी पुऱ्या. त्या फुगल्या नाहीत, रुसल्या. आत एवढा वारा फिरत असून एकीच्याही पोटात तो शिरला नाही. तिसऱ्या दिवशी पापड. तो मात्र खरोखर हलका झाला. इतका, की वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या तारेलाच जाऊन भिडला. घरभर जळका वास. सौ. म्हणाली, "अहो, हे तळण्याचं यंत्र आहे की पतंग उडवायचं?"

या विषयात समाजाचे सरळ दोन तट आहेत, हे मला तेव्हा कळलं. एक तट भक्तांचा. आमचे एक स्नेही या पंथातले. त्यांच्याकडे गेलं की ते बशीभर बटाट्याच्या सळ्या पुढे करतात. "घ्या हो, तेल नाहीच!" म्हणतात आणि स्वतः दुसरी बशी घेतात. गोठवलेल्या पाकिटातल्या त्या सळ्या कारखान्यातून निघतानाच एकदा तळून निघालेल्या असतात, हे त्यांना सांगायचं कुणी? शिवाय पंखा फिरला म्हणून बटाट्यातला बटाटा आणि मिठातलं मीठ उडून जात नाही. दुसरा तट निंदकांचा. आमचे मेहुणे त्यांचे पुढारी. "आमच्या आईने नव्वद वर्षांपर्यंत तेलात तळून खाल्लं, तिला काही झालं नाही," हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या मातोश्री रोज विहिरीचं पाणी शेंदायच्या, हा मुद्दा ते सोयीस्करपणे विहिरीतच ठेवतात.

माझं भांडण दोन्ही तटांशी आहे. कारण दोघेही एकाच खोट्यावर विश्वास ठेवून बसलेत. दोघांनाही वाटतं की हे यंत्र तळतं. एक म्हणतो छान तळतं, दुसरा म्हणतो वाईट तळतं. अहो, ते तळतच नाही! ते भाजतं!

यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी वाचली. संसारात पुरुष ती शेवटचा उपाय म्हणून वाचतात. आत आहे काय? वरच्या बाजूला तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली भोकाभोकांचं भांडं. पंखा तारेवरची ऊब खाली ढकलतो आणि पदार्थाभोवती गरागरा फिरवतो. म्हणजे ही बेकरीतल्या भट्टीची नात. 1945 साली अमेरिकेत विल्यम मॅक्सन नावाच्या गृहस्थाने विमानातलं गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी पंखा लावलेली छोटी भट्टी आणली होती. तिला भट्टीच म्हणत. 2010 साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात आपला एअर फ्रायर मांडला आणि मग फ्रायर हेच नाव जगभर रूढ झालं. बारशाच्या वेळी एक शब्द चुकला आणि घरोघरी नवरा-बायकोत लागली!

तळणं आणि भाजणं यात फरक काय, हे पदार्थविज्ञानाचं पुस्तक न उघडताही कळतं. 180 अंशांच्या भट्टीत आपण क्षणभर हात घालून नानकटाईचा ट्रे बाहेर ओढतो. 180 अंशांच्या तेलात बोट घालायची कुणाची छाती आहे? माझी तर नाहीच, तिच्यात स्टेंट आहे. अंश तेच, पण तेल ज्या जोराने उष्णता देतं त्या जोराने हवा देऊ शकत नाही. म्हणून सैल पीठ तेलात पडताक्षणी आवळून येतं आणि हवेत मात्र आवळायच्या आत ठिबकून जातं. म्हणून पुरी तेलात पडताच तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती टम्म फुगते आणि हवेत हळूहळू वाळत बसते. यात यंत्राचा दोष नाही. दोष नावाचा.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. बिचारा आपल्या खऱ्या नावाने पुण्यात आला असता तर कुठे तरी दोन वेळच्या जेवणाची सोय झाली असती. भाऊसाहेब म्हणून आला आणि जिवानिशी गेला. आमच्या ओट्यावरच्या या तोतयाचंही तेच. तळण म्हणून आला म्हणून जोडे खातो. भट्टी म्हणून आला असता तर हार घालून घेतला असता.

ज्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात 'भट्टी' म्हणू लागलो त्या दिवसापासून तो नीट वागायला लागला. भट्टीच्या अपेक्षा फार नाहीत. पहिली, पदार्थ वरून कोरडा हवा. पाणी 100 अंशांवर उकळतं आणि पाठीवरचं पाणी उडून गेल्याशिवाय पदार्थ त्याच्या वर तापत नाही. वर तापल्याशिवाय रंग नाही आणि रंग नाही तर खमंगपणा नाही. म्हणून बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवायचे आणि मग लहान मुलाचं डोकं पुसावं तसे खसाखसा पुसायचे. दुसरी, तेल हवंच. चमचाभर, पण हवं. रव्यात घोळवलेली सुरमई तेलाचा हात न लावता आत ठेवाल तर ती विभूती फासलेल्या बैराग्यासारखी बाहेर येते. तिसरी, दाटी नको. एकावर एक रचलेत की वारा आत शिरत नाही आणि मधल्या वड्या लोकलमधल्या प्रवाशासारख्या घामाघूम होतात. एकच थर आणि अर्ध्या वाटेत एकदा उलटायचं. चौथी, प्लग पंधरा अँपिअरच्या पॉइंटलाच लावा. 1500 वॅटची वस्तू आहे, मोबाइलच्या शेजारी लावून बोर्ड तापवू नका. वीस मिनिटांना अर्धं युनिट जातं, तेव्हा बिलाची ओरडही फारशी खरी नाही.

एवढं पाळलं आणि अळूवडी केली. उंडे वाफवून, गार करून, चकत्या कापल्या, दोन्ही अंगांना तेल पुसलं. 180 अंश, बारा मिनिटं, मधे एकदा उलटल्या. कड कुरकुरीत, पोट मऊ. कारण उघड आहे. अळूवडी आत जाण्याआधीच शिजलेली असते, तिला फक्त भाजणारा हवा होता. कोथिंबीरवडीचं तेच. शेंगदाणे 160 अंशांवर आठ-दहा मिनिटांत, भांडं दोनदा हलवलं की एकसारखे भाजतात. वांगं टोचून, तेल लावून 200 वर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की भरितापुरतं मऊ होतं. मात्र भरिताचा तो धुरकट वास त्याच्याकडे मागू नये, तो जाळाकडेच मागावा.

आता माझा खरा मुद्दा. मेहुणे म्हणतात, "तळणात प्रेम असतं, यंत्रात कुठलं?" बरोबर आहे. पण ते प्रेम उभं कोण राहून करत होतं? अडतीस वर्षं आमच्या घरी भजी झाली म्हणजे मी, मुलगा आणि आला-गेला पाटावर, नंतर टेबलावर, आणि सौ. गॅसपाशी. "अगं, गरम आण!" ही माझी आरोळी. ती आणायची. आम्ही खाऊन हात धुतले की ती उरलेली, गारढोण, मऊ पडलेली भजी खायची आणि वर "छान झाली होती ना?" असं आम्हालाच विचारायची. तळणाचा नियमच आहे, जो तळतो तो गरम खात नाही. ह्या नियमावर आजवर एकाही निंदकाने लेख लिहिलेला नाही, कारण सगळे निंदक टेबलावर बसलेले असतात.

त्या अळूवड्या भट्टीत होत्या तेव्हा सौ. माझ्यासमोर खुर्चीवर बसली होती. घंटी वाजली, वड्या निघाल्या, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी गरम गरम खाल्ल्या. पहिल्या घासाला तिची जीभ भाजली. इतक्या वर्षांत तिला सवयच नव्हती.

अर्थात इथेही मी भक्तांना सोडणार नाही. हे यंत्र दोन माणसांचं आहे. भांड्यात बारा वड्या मावतात. सहा पाहुणे आले की पुन्हा खेप, पुन्हा उभं राहणं, पुन्हा "गरम आण". मुलं लांब गेलेल्या घराला पुरेल एवढंच त्याचं पोट आहे. बहुधा म्हणूनच मुलं ते पाठवत असावीत.

तेव्हा तोतयाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि कामाला लावा. भाजायचं ते त्याच्यात भाजा. आणि तळायचं असेल तेव्हा, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, खुशाल कढईत तळा आणि त्याला तळणच म्हणा. खोटी भजी ढीगभर खाण्यापेक्षा खरी दोन खावीत.

परवा पाऊस लागला तेव्हा मी माळ्यावरून कढई काढली. झारा सौ.ने कुठून तरी हजर केला. मी म्हटलं, "तू बस." ती बसली. माझी पहिली खेप करपली, दुसरी टेबलावर पोचली.

"अहो, आतून कच्ची आहेत," ती म्हणाली.

"पण गरम आहेत ना?"

तिने उत्तर दिलं नाही. बशी तेवढी पुढे केली.