कोळंबीची तपासणी आणि आपली जबाबदारी

क्वीन्सलँडमधील टूवूंबा हे शहर समुद्रकाठचे नाही. ब्रिस्बेनच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर ते वसले आहे. तरीसुद्धा 2017 साली तेथून मोरेटन उपसागरावर मासे धरावयास जाणाऱ्या कुटुंबांना एक सरकारी आदेश पाळावा लागला. उपसागरात पकडलेली कच्ची कोळंबी इप्सविचच्या पलीकडे नेण्यास मनाई होती, आणि टूवूंबाचा रस्ता तर इप्सविचवरूनच जातो. कोळंबी शिजवा, मगच घरी न्या, असा नियम झाला.

याचे कारण लोगन नदीकाठी होते. 2016 च्या अखेरीस तेथील कोळंबी-तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आढळला. पुढील काही महिन्यांत एकामागून एक सात शेतांत तो पसरला. तळ्यांत क्लोरीन घालून सर्व कोळंबी नष्ट करावी लागली. हा विषाणू माणसाला बाधत नाही. परंतु तळ्यात शिरला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सारे पीक मरू शकते, आणि त्यावर औषध नाही. म्हणून रोग वेळेवर ओळखणे हाच खरा बचाव होय.

डोळ्यांवर विसंबून मात्र चालत नाही. कवचावरील ठिपके उशिरा दिसतात, कधी दिसतही नाहीत. कोविडच्या काळात आपल्या परिचयाची झालेली पीसीआर चाचणी येथेही उपयोगी पडते. कोळंबीच्या कल्ल्यांचा किंवा पोहण्याच्या पायांचा लहानसा तुकडा घेऊन त्यात विषाणूचा अंश शोधतात. धडधाकट दिसणाऱ्या कोळंबीतही तो सापडतो. म्हणून पिले तळ्यात सोडण्यापूर्वीच तपासणे शहाणपणाचे.

पण चाचणी चांगली असून भागत नाही, नमुनाही पुरेसा हवा. मोठ्या तळ्यात शेकडा 5 कोळंब्यांना लागण आहे असे समजा. केवळ 10 तपासल्या, तर शंभरातून साठ वेळा एकही रोगी कोळंबी हाती लागणार नाही. 60 तपासल्या, तर ही फसगत शंभरातून पाचांच्या आत येते. पालकांनी घरी मुलांना वालाचे दाणे रंगवून हा हिशेब अवश्य दाखवावा.

नमुना प्रामाणिकही हवा. ऑस्ट्रेलियात आयात होणारी कच्ची कोळंबी बंदरावर तपासली जात होती. तरी दुकानांतील मालात विषाणू सापडला, आणि जानेवारी 2017 मध्ये ही आयात काही महिने थांबवावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस जैवसुरक्षा महानिरीक्षक हेलन स्कॉट-ऑर यांच्या अहवालाने तपासणीतील गंभीर उणिवा दाखवून दिल्या. विषाणू लोगन नदीत कोणत्या वाटेने आला हे निर्विवाद ठरले नाही. गळाला लावलेल्या आयात कोळंबीवर मात्र संशय राहिला.

आपणही बेटावरची माणसे. नदीकाठी, खडकावर गळ टाकून बसणे आपल्याला आवडते, आणि कॅमरॉन तर आपल्या ताटातला मानाचा पदार्थ. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, शिजवल्याने मरतो. खेकड्यासारखे प्राणी स्वतः न मरताही तो वाहून नेतात. तेव्हा दुकानातून आणलेली परदेशी कच्ची कोळंबी जेवणासाठीच ठेवावी, गळाला लावू नये. तिची टरफले व धुवणाचे पाणी नदीत किंवा समुद्रात टाकू नये. प्रयोगशाळा आपले काम करील, पण गळ आपल्या हातात आहे.