स्वस्त घरांना मोक्याची जागा हवी

हुबळी आणि धारवाड यांना जोडणाऱ्या वीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर, अमरगोळला लागून नवनगर ही आखीव वसाहत आहे. कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ इथे आहे, कर्करोग रुग्णालय आहे आणि फेब्रुवारी 2020 मध्ये रीतसर उद्घाटन झालेल्या बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, ‘चिगरी’ बसने दोन्ही शहरे हाताशी आली आहेत. राहण्यालायक वस्ती कशी घडते, याचे उत्तर इथे दिसते: रस्ता, बस, दवाखाना आणि रोजगार घराच्या आवाक्यात असावे लागतात. पण अशा ठिकाणी जागा घेण्याची ऐपत कष्टकऱ्यांची नसते. अमरगोळच्या बाजार समितीत पोती वाहणारा हमाल किंवा नवनगरातल्या बंगल्यांत धुणीभांडी करणारी बाई यांना याच रस्त्यालगत राहायला मिळावे, हे सरकारी गृहनिर्माणाचे खरे काम आहे. अनुदानाच्या घोषणा मात्र भिंती आणि छप्परापाशीच थांबतात.

2012 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लाख काढली होती. त्यातली जवळपास 96 टक्के तूट आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतली होती. दुसरीकडे 2011 च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. म्हणजे बाजार घरे बांधतो, पण ज्यांना ती हवीत त्यांच्यासाठी नाही. हे ओळखून 2015 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिची 2022 ची मुदत पुढे ढकलावी लागली. कर्नाटकातला हिशेब बोलका आहे. झोपडपट्टी विकास मंडळाच्या साधारण साडेसात लाखांच्या घराला केंद्राचे दीड लाख मिळत आणि राज्याचा वाटाही त्याच आसपास असे. उरलेले चार-साडेचार लाख लाभार्थ्याने भरायचे होते. ते जमेनात, बँका कर्ज देईनात, घरे रखडली. अखेर डिसेंबर 2023 मध्ये लाभार्थ्याने एकच लाख भरावा, बाकीचे राज्य सोसेल, असे ठरले. जीएसटीच्या रूपाने केंद्र 1 लाख 38 हजार परत घेते, हा राज्य सरकारचा तेव्हाचा आक्षेप वेगळाच. अशा घरांखालची जमीन बहुधा सरकारचीच असते. तरीही मालकीचे घर झेपत नसेल, तर बाजारभावाने जमीन घेऊन ते झेपण्याचा प्रश्नच उरत नाही.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की मोक्याची जमीन महाग असते. तेवढ्याच पैशांत शहराबाहेर जास्त घरे होतील. कागदावर हे खरे आहे. पण मुंबईत माहुलला काय झाले? प्रकल्पग्रस्तांसाठी तिथे हजारो सदनिका उभारल्या गेल्या. शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या प्रदूषणामुळे लोकांनी तिथे जायला नकार दिला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि असंख्य घरे रिकामी पडून राहिली. प्रदूषण नसले, तरी पहाटे कामावर पोहोचायचे असेल आणि दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा प्रवासात जाणार असेल, तर माणूस लांबच्या पक्क्या घरापेक्षा जवळची झोपडी पत्करतो. हा त्याचा अडाणीपणा नव्हे, व्यवहार आहे.

पैसा कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर रस्त्यातच आहे. बीआरटीएस सार्वजनिक पैशाने झाली. अशा मार्गालगत जमिनीला जो भाव चढतो, त्यात जमीनमालकाचे कर्तृत्व ते किती? वाढीव चटईक्षेत्र देताना आणि नवे लेआउट मंजूर करताना त्यातला वाटा छोट्या घरांच्या रूपाने वसूल करणे न्याय्यच ठरते. महाराष्ट्रात मोठ्या शहरांत 4 हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवर 20 टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना ठेवण्याचा नियम आहे. भूखंडाचे तुकडे पाडून तो चुकवल्याच्या तक्रारीही झाल्या. तेव्हा नियम करताना एकाच मालकाचे सलग तुकडे एकत्र मोजण्याची तरतूद हवी.

राहता राहिला तिसरा आक्षेप: लाभार्थी घर विकतात किंवा भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत जातात. हे घडते, पण त्यावर घरेच न देणे हा उपाय नव्हे. सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाडेतत्त्वावरील घरांचा स्वतंत्र घटक आहे. महापालिकेच्या मालकीची, परवडणाऱ्या भाड्याची घरे विकताच येत नाहीत आणि कर्जाचा बोजाही कुणाच्या डोक्यावर बसत नाही. त्यांची देखभाल आणि भाडेवसुली चोख राखणे अवघड आहे, हे मान्य. पण ते प्रशासनाचे काम आहे, गरिबांच्या गळ्यात लाखांचे हप्ते बांधून ते टाळता येणार नाही. हुबळी-धारवाड महापालिकेने आणि नगरविकास प्राधिकरणाने या मार्गालगतची सरकारी जमीन लिलावात काढण्याआधी भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवावी. एकदा विकलेली मोक्याची जमीन पुन्हा विकत घेणे कोणत्याच सरकारला परवडलेले नाही.