खुर्ची कुणी सोडायची?

बायकोवर हात उगारल्याचा आरोप खेळाडूवर, मग क्रिकेटच्या कारभाऱ्याने का जायचे? आपल्यातलेच काही मित्र असे विचारतात. मारहाणीसाठी नव्हे, डोळेझाकीसाठी!

मार्च २०१८ आठवा. मोहम्मद शमीवर पत्नी हसीन जहाँ यांनी मारहाणीचे आणि संशयास्पद पैशांचे आरोप केले. शमीने ते नाकारले, निवाडा कोर्टाचा. तो मुसलमान म्हणून त्याच्यावर तुटून पडणारे ट्रोल आपले सोबती नाहीत. प्रश्न बीसीसीआयचा आहे. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या विनोद राय यांच्या समितीने करार रोखला, चौकशी फक्त पैशांच्या आरोपाची केली आणि दोन आठवड्यांत ३ कोटींचा करार दिला. बाईच्या तक्रारीला मात्र 'घरगुती मामला' म्हणून बाहेर ठेवले.

जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवर बायकांबद्दल वाट्टेल ते बोलले, तेव्हा त्यांना लगेच निलंबित केले. म्हणजे अधिकार होता. फरक एवढाच की तिथे बोर्डाची अब्रू चव्हाट्यावर आली होती.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. बाईचा हक्क त्यांना घरगुती मामला वाटला नाही.

म्हणून नियम लेखी हवा: तक्रार आली की स्वतंत्र चौकशी, ती टाळणारा प्रमुख पायउतार. आणि सुरुवात घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या वस्त्यांतल्या जयंतीच्या क्रिकेट स्पर्धांपासून. तिथे अध्यक्ष आपलेच असतात.

जय भीम!