गच्ची कुणाच्या बापाची?

सूर्य सगळ्यांचा, असं शाळेत मास्तर सांगायचे. गच्ची कुणाची, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

दोस्तांनो, सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना काढली. एक कोटी घरांवर सोलर. महिन्याला ३०० युनिटपर्यंत फुकट वीज. घरमालकाला ७८ हजारांपर्यंत अनुदान. अट एवढीच, की छप्पर स्वतःचं पाहिजे. म्हणजे बंगलेवाल्याला सूर्यसुद्धा सवलतीत! झोपडीचा पत्रा, भाड्याची खोली, पोटमाळा यांचं काय? सोसायटीला किलोवॅटमागं १८ हजार मिळतात, पण ते लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी. आपल्या खोलीतलं मीटर पळतंय तसंच पळतंय.

आता मानखुर्दला चला. लल्लूभाई कंपाऊंड. रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी उठवलेली माणसं इथं आणून कोंबली. २२५ चौरस फुटांची घरं, दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरची फट. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब जळते. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटीवाल्यांनी इथल्या वसाहती तपासल्या. २०१८ साली सांगितलं, जिथं ऊन-वारा कमी, तिथं क्षय जास्त. आपल्या आज्याला गावकुसाबाहेर टाकलं, तिथं निदान ऊन तरी होतं. नकाशा काढणाऱ्यानं तेही कापून घेतलं. आणि काचेचे टॉवरवाले गच्चीवर चार पॅनेल ठोकून पर्यावरणाचे पुजारी होतात! त्यांच्या टॉवरची सावली कुणाच्या पत्र्यावर पडते, ते कोण मोजतो?

मी मोजतो. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा लागते, दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. सात मजली इमारतीत एका गच्चीखाली सात घरं. घरटी ३२ चौरस फूट. म्हणजे रोज सव्वा युनिट. सगळं घर त्यावर नाही चालणार. पण एक पंखा बारा तास आणि दोन दिवे नक्की. ज्या घरात दिवसाही दिवा लागतो, तिथं हे थोडं नाही.

बाबासाहेब १९४३ साली मजूरमंत्री म्हणून विजेच्या धोरणावर बोलले. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, गरिबीतून सुटायला उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी, हा त्यांचा हिशेब. आपण मागतोय ती भीक नाही, त्याच हिशेबाची थकबाकी आहे.

एका गच्चीवरची वीज अनेक मीटरांत वाटून वजा करायची सोय दिल्लीत २०१९ सालीच झाली. मग पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीत ती सक्तीची करा. गच्चीचा वाटा घराच्या कागदावर लिहा. गच्ची मोबाईल टॉवरला आणि जाहिरातीच्या फलकाला विकायची बंद करा. आणि सगळ्यात आधी, दोन इमारतींत एवढं अंतर ठेवा की तळमजल्यावरच्या पोराच्या पाटीवर ऊन पडेल.

ऊन गच्चीवर आणि अंधार खोलीत, अशी इमारत आम्हाला नको. गड्यांनो, आज रात्री आपापल्या गच्चीवर जा. कुलूप असेल तर विचारा, किल्ली कुणाकडं आहे.

जयभीम!