निरोप एकच, अर्थ दोन

"सोसायटीच्या सेक्रेटरीने भेटायला बोलावले आहे," एवढाच निरोप येतो. एक शेतकरी म्हणतो, पीककर्ज मंजूर झाले असेल. दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो, आता जप्तीच! निरोपात दोन्ही अर्थांना जागा आहे. पण ज्याचे मन चिंतेने आजारले आहे, त्याला वाईट अर्थच आधी दिसतो. मुलाचा फोन आला नाही म्हणजे अपघात. शेजारी हळू बोलले म्हणजे आपलीच निंदा. अशा माणसाला 'संशयी', 'श्रद्धा कमी' म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते हा अन्याय आहे.

ताप मोजावा तशी ही गोष्टही मोजता येते. १९८९ साली मॅथ्यूज, रिचर्ड्स व आयसेंक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी लोकांना शब्द ऐकवून लिहायला लावले. इंग्रजीत 'डाय' या उच्चाराचे दोन अर्थ होतात, मरणे आणि कपडा रंगवणे. स्पेलिंग मात्र वेगवेगळे. चिंतेच्या रुग्णांनी भीतीच्या अर्थाचे स्पेलिंग निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा लिहिले. १९९१ साली आयसेंक व सहकाऱ्यांनी दुहेरी अर्थाची वाक्ये घेतली. डॉक्टरांनी मुलीची 'ग्रोथ' तपासली. म्हणजे उंची की गाठ? इथेही रुग्णांनी भीतीचा अर्थ अधिक धरला. पण त्याच आजारातून बरे झालेल्यांची उत्तरे निरोगी माणसांसारखी आली. बंधुभगिनींनो, हे ध्यानात धरा. हा स्वभावाचा दोष असता, तर बरे झाल्यावर गेला नसता.

मात्र 'डाय'ची युक्ती मराठीत चालत नाही. आपल्या नंदगड भागात कोणाच्या घरी कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. म्हणून रुग्णाने ज्या भाषेत काळजी केली, त्याच भाषेत ती डॉक्टरांना सांगावी. लाजू नये.

घरच्यांनी काय करावे? वाद घालू नये, टोमणे मारू नयेत. शांतपणे विचारावे, "याचा दुसरा अर्थ काय असू शकेल?" मग सोबत जाऊन खात्री करून घ्यावी. भीतीत भर घालणारे मात्र दूर ठेवावेत. दावीदाने हानून राजाच्या सांत्वनासाठी माणसे पाठवली. सरदारांनी ती हेर असल्याचे राजाच्या मनात भरवले आणि युद्ध पेटले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील दहावा अध्याय घरी अवश्य वाचावा.

झोप व भूक दोन आठवडे उडाली असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर माणसाला एकटे सोडू नये, आणि फवारणीचे औषध त्याच दिवशी कुलपात ठेवावे.

प्रार्थना जरूर करावी. पण गुडघा मोडला तर आपण नोव्हेना करतो आणि प्लास्टरही घालतो. मनाच्या आजारालाच नुसत्या उपदेशावर का ठेवावे?