आयुक्तालय कोणाच्या गावाला?

नांदेडचा माणूस आणि लातूरचा माणूस प्रवासात समोरासमोर बसले, की पहिली दहा मिनिटे पावसापाण्याची, पुढची दहा तुरीच्या भावाची. आणि मग हमखास आयुक्तालय निघते. 2009 च्या जानेवारीत सरकारने मराठवाड्याचे दुसरे महसुली आयुक्तालय नांदेडला द्यायचे ठरवले. लातूरकर रस्त्यावर उतरले, वाद न्यायालयात गेला आणि पाटी काही लागली नाही. या दोन जिल्ह्यांनी राज्याला प्रत्येकी दोन मुख्यमंत्री दिलेले : शंकरराव व अशोक चव्हाण नांदेडचे, शिवाजीराव निलंगेकर व विलासराव देशमुख लातूरचे. मग माघार घ्यायची कोणी?

वाद रंगला की इतिहास बाहेर निघतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, हे लातूरकर अभिमानाने सांगतात. खरे आहे. पण त्यांची राजधानी होती मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. नांदेडकर वाकाटकांच्या वाशीम ताम्रपटातले ‘नंदिकड’ पुढे करतात. तेही खरे, पण त्या वाकाटकांची गादी वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमलाच. नाव आपले, गादी दुसऱ्याच्या गावी! त्यानंतरचेही तसेच. 1763 मध्ये निजाम अलीने औरंगाबादहून हैदराबादला बस्तान हलवले, तेव्हापासून इथल्या माणसाचे मोठे काम हैदराबादला. 1956 नंतर मुंबईला.

राजधानी सर्वांत मोठ्या किंवा जुन्या गावालाच मिळते असे युरोपातही नाही. 1561 मध्ये दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला नेला, तेव्हा ते काही स्पेनमधले सर्वांत मोठे शहर नव्हते. मानाचे तोलेदो शेजारीच राहिले. 1601 मध्ये दरबार व्हायादोलिदला गेला आणि पाच वर्षांत परत आला. सामानाच्या गाड्या हाकणाऱ्यांचे तेवढे भले झाले असेल. नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम. सरकार मात्र बसते हेगला, आणि कोणाचे अडत नाही.

आपल्याला जवळचे उदाहरण जर्मनीचे. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर संसद बॉनला ठेवायची की बर्लिनला न्यायची, यावर 20 जून 1991 रोजी मतदान झाले. बर्लिनला 338, बॉनला 320. इतक्या थोड्या फरकाने हरलेल्या गावाला वाऱ्यावर सोडता येत नाही, हे त्यांनी ओळखले. काही मंत्रालये बॉनलाच ठेवली. घटनेचे न्यायालय तर आधीपासूनच तिसऱ्या गावी, कार्ल्सरूहेला होते.

मी बँकेत असताना कंधार तालुक्यातल्या एका शाखेत होतो. ठरावीक रकमेवरचे कर्ज विभागीय कार्यालयातून मंजूर होऊन यायचे. विहिरीच्या मोटारीचा एक प्रस्ताव तिकडे तीन महिने पडून राहिला. मंजुरी आली तेव्हा हंगाम संपला होता. कागद घेऊन मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला आणि विचारले, “साहेब, हे हापिस हाय तरी कुठं?” मी गावाचे नाव सांगितले. त्याने ते आयुष्यात पाहिले नव्हते.

खरे तर आपल्याकडे वाटणी कधीच सुरू झाली आहे. दहावी-बारावीचे विभागीय मंडळ लातूरला. नांदेडच्या मुलांच्या गुणपत्रिका तिथून येतात. 1994 पासून विद्यापीठ नांदेडला. लातूरची मुले त्याची पदवी घेतात. 2003 पासून रेल्वेचा विभागही नांदेडला आहे. यावरून कोणी बस जाळल्याचे मला आठवत नाही. मग आयुक्त एका गावी आणि महसुली अपिले ऐकणारे अपर आयुक्त दुसऱ्या गावी बसवायला काय हरकत आहे? फलक कोणत्या चौकात लागला यापेक्षा तारखेला जाऊन संध्याकाळी घरी परतता येते का, हे मला महत्त्वाचे वाटते.

तूर्त किनवटच्या शेतकऱ्याला जमिनीचे अपील आयुक्तांपुढे चालवायचे तर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. जवळजवळ चारशे किलोमीटर. तो रात्री निघतो, सकाळी स्थानकावरच तोंड धुतो आणि पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परतीच्या गाडीत बसतो.